‘संदर्भ काय?’ असे विचारणाऱ्यांना

मराठी विकिपीडियाच्या संपादक मित्रमैत्रिणींनो,



तुमच्यापैकी बहुतेकांची खरी नावे मला ठाऊक नाहीत. ठाऊक आहेत ती सदस्यनामे, आणि लेखाचा ‘इतिहास’ उघडला की दिसणारी तुमच्या कामाची लांबच लांब यादी. रात्री उशिरा कुणी साचा दुरुस्त केलेला असतो, पहाटे कुणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलेले असतात, भर दुपारी कुणी एखाद्या थोर व्यक्तीच्या पानावर घातलेल्या शिव्या उलटवून, कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहून पुढच्या पानाकडे गेलेले असते. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असते. तुमच्या लेखाखाली काहीही नसते. हे पत्र कुणा एकाच्या चर्चापानावर ठेवण्याजोगे नाही, म्हणून असे सगळ्यांसमोर लिहीत आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. तेव्हा संगणकावरची मराठी म्हणजे ज्याच्या त्याच्या फॉन्टची मराठी होती. एका यंत्रावर टंकलेले दुसऱ्या यंत्रावर उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसायची. युनिकोडमधली देवनागरी नीट दिसावी म्हणून विंडोजमध्ये वेगळी खटपट करावी लागे. त्या दिवसांत ज्यांनी पहिली काही शे पाने लिहिली, त्यांना ती कोण वाचणार हे सांगता आले नसते. आज पानांची संख्या लाखाच्या आसपास आहे आणि शाळेतल्या प्रकल्पापासून वर्तमानपत्राच्या मृत्युलेखापर्यंत सगळीकडे त्यांतला मजकूर उचलला जातो, बहुतेकदा ऋणनिर्देश न करता.

कोशाची हौस मराठीला नवी नाही. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मंडळ काढून, भागभांडवल उभारून, वर्गणीदार जमवत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड तडीस नेले. महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून विश्वकोशाचा पाया घातला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. या तिन्ही कामांपुढे मी नतमस्तक आहे. पण छापील कोश कधीतरी बंद होतो. शेवटचा खंड बांधून झाला की त्यानंतर लागलेला शोध, झालेली निवडणूक, सापडलेला ताम्रपट बाहेरच राहतो. तुमचा कोश बंद होत नाही. तुम्हाला कचेरी नाही, मानधन नाही, आणि लिहायला कुणाची परवानगीही लागत नाही.

तुमच्याबद्दल मला सर्वांत मोठा आदर मात्र यासाठी वाटत नाही. तो वाटतो वाक्याच्या शेवटी, वर चढवून, चौकटी कंसात तुम्ही लावता त्या छोट्याशा चिठ्ठीसाठी: संदर्भ हवा.

आपल्याकडे ‘असे म्हणतात’ आणि ‘जाणकार सांगतात’ यांच्यावर किती इमले उभे असतात, हे व्याख्यानमालांना जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. व्यासपीठावरचा वक्ता मोठा असेल तर त्याला पुरावा विचारणे हा आगाऊपणा ठरतो. तुमच्या पानावर मात्र प्राध्यापक असो की अकरावीतला मुलगा, दोघांना एकच प्रश्न येतो: कुठे छापले आहे, कोणी म्हटले आहे, पान कितवे?

शिवछत्रपतींच्या जन्मतारखेचेच घ्या. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. परमानंदाच्या शिवभारतातली तिथीही तीच. इंग्रजी कालगणनेने ती १९ फेब्रुवारी १६३० येते आणि राज्य सरकारने हीच तारीख स्वीकारली. दुसरीकडे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी उत्तरकालीन बखरींतून चालत आली, पिढ्यान्‌पिढ्या साजरी झाली. आजही दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलणारी माणसे आहेत. अशा पानावर शिवजयंतीच्या आठवड्यात काय उसळत असेल, ते मी कल्पनेने जाणतो. तिथे संपादकाचे काम न्यायाधीशाचे नाही. कोणती तिथी कोणत्या साधनात आहे, ते साधन कोणत्या काळातले आहे, कोणत्या अभ्यासकाने ते का मानले किंवा का नाकारले, एवढे त्याने मांडायचे आणि आपले मत घरी ठेवायचे. तटस्थ दृष्टिकोन हे तुमचे धोरण म्हणायला सोपे आहे. स्वतःच्या श्रद्धेच्या विषयावर ते पाळून दाखवणे ही मी साधना समजतो, आणि चर्चापानांवर ती करणारी माणसे मी पाहिली आहेत. चार-चार दिवस वाद चालतो, मग कुणीतरी एका ग्रंथाचे पृष्ठ उतरवून देतो, दुसरा ‘मान्य’ लिहितो आणि लेखात एक वाक्य बदलते. एवढ्या एका वाक्यासाठी इतकी माणसे इतका वेळ देतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

याच कारणाने एका गोष्टीची काळजीही वाटते, ती स्पष्ट लिहितो. आकड्यांच्या मागे लागू नका. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांवर पाने आहेत, म्हणजे इंग्रजीच्या खालोखाल; पण त्यांतली बहुसंख्य पाने एका सांगकाम्याने, स्वयंचलित आज्ञावलीने, तयार केली आहेत. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेचे त्याहून वाईट झाले. तिथली हजारो पाने ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्याने सुरुवात केली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्यात खोडसाळपणा नव्हता, हौस होती. ‘बाळा, आम्ही असे बोलत नाही’ म्हणायला वेळेवर कुणी नव्हते, हे खरे दुर्दैव.

मराठीत इतके बिघडलेले नाही. तरीही अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, एवढ्यावर संपणारी पाने आपल्याकडे ढिगाने आहेत. गावाचे नाव आणि जिल्हा बदलला की पुढचे पान तयार. शिवाय आता आशय भाषांतराचे साधन हाताशी आहे. इंग्रजी लेख एका बाजूने घातला की दुसऱ्या बाजूने देवनागरी बाहेर पडते. ती देवनागरी असते, मराठी असेलच असे नाही. पूर्वी असे वाक्य एका पानावर पडून राहायचे. आज विकिपीडियाचा मजकूर भाषा शिकणाऱ्या यंत्रांना खाऊ घातला जातो; चुकीचे वाक्य आणि चुकीची तारीख तिथून हजार ठिकाणी पोहोचते. म्हणून माझे मत असे की वर्षभरात दहा हजार नव्या पानांपेक्षा शंभर जुनी पाने संदर्भांसह पुरी झाली, तर ते वर्ष अधिक चांगले गेले म्हणावे.

अडचण माहीत आहे. संदर्भ आणायचे कुठून? इंग्रजी संपादकाला शोधयंत्रात नाव टाकले की वृत्तपत्रांचे जुने अंक मिळतात. मराठीचे ज्ञान अजून कपाटात आहे. गावोगावच्या संस्थांच्या शताब्दी स्मरणिका, सत्कारसमितीने काढलेले गौरवग्रंथ, बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव खंड, दिवाळी अंक. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. यांच्या कपाटांत जे आहे त्यातले फार थोडे संगणकावर आले आहे. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. मग मराठीतले एकोणिसावे शतक जवळजवळ सगळे आणि विसाव्याचा मोठा भाग कुणालाही विकिस्रोत या विकिपीडियाच्या भगिनी-प्रकल्पावर आणता येईल. हे काम टंकनाचे, तपासणीचे, कंटाळवाणे आहे, आणि तुमच्यातले थोडे लोक ते करतही आहेत. त्यांना माझा विशेष नमस्कार.

आणखी एक मागणे. नव्याशी जरा मायेने वागा. एखादा शिक्षक आपल्या गावच्या यात्रेवर मोठ्या उमेदीने लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पानावर ‘पानकाढा’ची पाटी बघतो. पाटी लावणाऱ्याचे नियमाने बरोबरच असेल. लेखाला संदर्भ नव्हता. पण त्या शिक्षकाकडे यात्रेची पावतीपुस्तके, देवस्थानाचा छापील इतिहास असे काही असू शकते, हे त्याला विचारायला चर्चापानावर दोन ओळी पुरतात. त्याला धूळपाटी, म्हणजे सरावाचे पान, दाखवा, तिथे लेख नीट करून घ्या. तुमची संख्या थोडी आहे. एक माणूस दुखावून गेला तर त्याची जागा भरायला वर्षे लागतात. स्त्रिया तर तुमच्यात आधीच कमी आहेत, आणि ते लेखांच्या विषयांत दिसते.

बाहेरचा काळही तुमच्यासाठी सोपा नाही. एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर खटला भरला, तेव्हा संपादकांची ओळख उघड करण्याची मागणी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातील मजकुराबद्दल महाराष्ट्र सायबर पोलिसांनी संपादकांवर गुन्हा नोंदवला. लेखातला मजकूर चूक असू शकतो, मनाला लागणारा असू शकतो. त्यावरचा उपाय त्याहून भक्कम साधन पुढे ठेवणे हाच आहे, आणि ते ठेवायची जागा, म्हणजे चर्चापान, प्रत्येक लेखाला जोडलेली आहे. फुकट काम करणाऱ्या माणसाला भीती वाटू लागली तर तो वादाचे विषय सोडून देईल, आणि तिथे फक्त आरडाओरड करणारे उरतील.

शेवटी तुमच्या खांद्यावरून वाचकांशी बोलू द्या. वाचकहो, ‘विकिपीडियावर काहीही लिहिलेले असते’ अशी तक्रार करण्याआधी एकदा आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात जा. ज्या विषयाची तुम्हाला खरी माहिती आहे त्यावरचे एखादे पुस्तक काढा. त्या विषयाचे पान उघडा, जिथे ‘संदर्भ हवा’ लिहिले असेल तिथे पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक भरा. खाते नसले तरी चालते. चुकले तर कुणीतरी दुरुस्त करील.

आपला,
एक वाचक