शिरपामाळावर अडलेलं स्टेअरिंग

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला गेलं की सगळं लक्ष इंजिनकडे जातं. क्लच कुठे पकडतो, टायरची नक्षी किती उरली आहे, गाडी खालून कुठे घासली आहे का, दारावरचा रंग मूळचा आहे की नंतर मारलेला, हे सगळं माणूस डोळ्यांत तेल घालून तपासतो. स्टेअरिंग लॉक मात्र कुणी बघत नाही. तो कॉलमच्या प्लॅस्टिकच्या आवरणाआड बसलेला असतो आणि चालतो तोवर त्याची आठवणही होत नाही. तो बिघडला की बाकी गाडी ठणठणीत असून जागची हलत नाही. टोचन लावूनसुद्धा हलत नाही, कारण पुढची चाकं जिकडे वळलेली असतील तिकडेच अडकून बसतात. दोरीने ओढलेली गाडी सरळ रस्त्यावर येण्याऐवजी त्या वळणाने थेट चारीत जाईल.

माझी गाडी दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची. चावी खिशात ठेवायची आणि बटण दाबून सुरू करायची. आधीच्या मालकांनी व्यवहाराच्या वेळीच सांगितलं होतं, "कधीकधी बटण दोनदा दाबावं लागतं, या गाड्यांचं तेवढं चालायचंच." पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि ते 'कधीकधी' वाढत गेलं. बटण दाबलं की डॅशबोर्डवर स्टेअरिंगचं पिवळं चिन्ह लुकलुकायचं, पुन्हा दाबलं की सुरू व्हायची. वर्कशॉपमध्ये नेली, तर तिथे पहिल्याच दाबाला सुरू झाली. स्कॅनर लावला, काही निघालं नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचं हेच दुखणं असतं, गॅरेजच्या दारात तो हमखास गप्प बसतो.

पाऊस सरल्यावर भाच्याला घेऊन नाशिकहून निघालो. त्र्यंबक, तोरंगणचा घाट, मोखाडा, जव्हार. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता असा की गाडीची सगळी परीक्षा होते. वळणावर वळण, मध्येच उखडलेला पट्टा, आणि दोन्ही अंगांना कापणीला आलेला भात नि वरच्या उतारांवर नागली. गाडी त्या दिवशी सुरेख चालली. जव्हारात चहा घेऊन आम्ही शिरपामाळावर गेलो.

सुरतेच्या १६६४ च्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता. जव्हारचे कोळी राजे विक्रमशाह त्यांना इथे भेटले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, असं इथला माणूस अभिमानाने सांगतो. मुकणे घराण्याचं हे संस्थान चौदाव्या शतकात उभं राहिलं आणि १९४८ पर्यंत टिकलं. डोंगराआडून सुरतेकडे फौज न्यायची तर इथल्या राजाचा सलोखा किती मोलाचा असेल, हे त्या माळावर उभं राहून चौफेर पसरलेल्या डोंगररांगा पाहिल्या की पटतं. मला हे ठिकाण अतिशय आवडतं. तिथे मी भाच्याला बराच वेळ बसवून ठेवलं.

गाडी उतारावर लावली होती. उतारावर लावताना पुढचं चाक वळवून दगडाला टेकवून ठेवायचं, ही घाटातली जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. परत आलो, बटण दाबलं. पिवळं चिन्ह लुकलुकलं. परत दाबलं, पुन्हा तेच. मग लुकलुकणंही थांबलं आणि चिन्ह लाल झालं.

"मामा, स्टेअरिंग हलतच नाहीये," भाचा म्हणाला.

मोबाईलला रेंजची एखादीच काडी येत होती. रस्त्यावर मदत देणाऱ्या सेवेशी कसाबसा संपर्क झाला. त्यांचा पहिला प्रश्न, "चाकं सरळ आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की फ्लॅटबेड नाशिकहून येईल, रात्र होईल, आणि वळलेल्या चाकांची, जमिनीपासून इतकी कमी उंच गाडी चढवायला चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या लागतील, त्या आहेत का ते बघावं लागेल. तिथे फिरायला आलेल्या एका पोराने हे ऐकलं. "जव्हारात एक मेस्त्री आहेत, जीपचं काम करतात," म्हणाला, आणि भाच्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊनही गेला.

मेस्त्री जीप घेऊन आले. वयाने पन्नाशीच्या पुढचे. गाडीभोवती एक फेरी मारली, दगडाला टेकलेल्या चाकापाशी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आधी लाइट लावा, साहेब." मी हेडलाइट लावले. "आता बटण दाबा." बटण दाबताच उजेड मंदावला. मल्टिमीटर लावला तर बॅटरी साडेअकरा व्होल्टच्याही खाली. भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. पावसाळाभर उभी राहिलेली बॅटरी अडीच-तीन तासांच्या प्रवासात पुरती भरलेली नव्हती, किंवा भरण्याच्या लायकीचीच उरली नव्हती.

त्यांनी जीपवरून जंपर केबल जोडली. मग मला बटण दाबायला सांगून स्वतः दाराशी गुडघे टेकून बसले आणि कान जवळजवळ स्टेअरिंगच्या कॉलमला लावला. आतून बारीक घुर्र आवाज आला आणि मध्येच तुटला. "मोटर फिरते," ते म्हणाले. "पण दांडा दाबला गेलाय. चाकाने स्टेअरिंग एका अंगाला ओढून धरलंय."

इथे थोडं थांबून हे लॉक असतं कसं ते सांगायला हवं. जुन्या, चावी फिरवायच्या गाडीत एक पोलादी दांडा स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येतो आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसतो. चावी फिरवली की तो मागे खेचला जातो. चाक कशाला तरी टेकलेलं असेल तर खाचेची कड त्या दांड्यावर सगळा भार टाकते आणि चावी फिरत नाही. अशा वेळी चावीवर जोर काढायचा नसतो. एका हाताने स्टेअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवायची. जोर काढला की झिजलेली चावी आतच तुटते, आणि मग लॉकसेटच बदलावा लागतो. जुन्या गाडीच्या चावीला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या चाव्यांचा जुडगा लटकवलेला असेल तर त्या वजनाने कुलपाच्या आतल्या पत्त्या लवकर झिजतात. कुलूप कोरडं पडलं तर ग्राफाइटची भुकटी फुंकावी. तेल सोडलं की चार दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून चिखल होतो.

बटणाच्या गाडीत दांडा तोच असतो, मात्र त्याला मागे खेचायला एक छोटी मोटर असते. दांडा मागे आला की नाही, हे सांगायला आत बारीक स्विच असतात. त्यांच्याकडून होकार आल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर इग्निशन देत नाही. म्हणजे दांडा प्रत्यक्षात मागे आलेला असला, स्टेअरिंग मोकळं फिरत असलं, तरी स्विचचा होकार पोचला नाही तर गाडी सुरू होणार नाही. त्यामुळे अशा लॉकला बिघडायच्या वाटा जास्त. बॅटरी उतरली, मोटरचा कार्बन झिजला, प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचा दात गेला, स्विचचा संपर्क काळवंडला, यांतलं काहीही एक पुरतं. आमच्या गाडीत निदान तीन गोष्टी एकाच दुपारी जुळून आल्या होत्या.

मेस्त्रींनी पोरांना हाक मारली. गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेकवर माझा हात ठेवला. "मी म्हणलं की सोडा, मी म्हणलं की ओढा." चौघांनी पुढून रेटा दिला, गाडी उताराला उलटी दोन बोटं मागे सरकली, दगड सुटला, मी हँडब्रेक ओढला. मेस्त्रींनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग अलगद हलवून पाहिलं. आता ते दोन्ही बाजूंना थोडं खेळत होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीने कॉलमच्या खालच्या अंगाला बेताने ठोकत राहिले. "दाबा. परत. परत." मोटर घुरघुरली आणि शेवटी एक स्वच्छ 'टक' आला. लाल चिन्ह गेलं. क्लच दाबून मी पुन्हा बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. पोरांनी आरोळी ठोकली.

"बंद करू नका," मेस्त्री म्हणाले. त्यांनी फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा उघडून भाच्याकडून वाचून घेतला, स्टेअरिंग लॉकचा फ्यूज कोणता ते दोनदा विचारलं, आणि इंजिन चालू असतानाच तो उपटून माझ्या हातात ठेवला. "आता त्याला करंट नाही. दांडा मागे आहे तिथेच राहील. पण गाडी पुन्हा सुरू होईल का, ते मी इथे बघणार नाही. गॅरेजसमोर बघू. नाही झाली तर रात्री उघड्यावर बसायला नको तुम्हाला."

या शहाणपणाचं मला आजही अप्रूप वाटतं. अशी गाडी त्यांनी यापूर्वी कधी उघडली नव्हती, तसं त्यांनी सरळ सांगितलंही. जीपच्या लॉकवरून त्यांनी रचना ताडली, आणि जिथे खात्री नव्हती तिथे प्रयोग सोयीच्या जागी नेला.

गॅरेजसमोर इंजिन बंद केलं. स्टेअरिंग मोकळंच राहिलं. बटण दाबलं, सुरू झाली. आमच्या गाडीच्या रचनेत शेवटचा होकार कॉम्प्युटरच्या स्मरणात राहतो, म्हणून हे जमलं. सगळ्या गाड्यांत जमत नाही. काही मॉडेलमध्ये फ्यूज काढला की गाडी मुळीच सुरू होत नाही.

चहा घेताना मेस्त्री जीपवाल्यांबद्दल बोलले. कित्येक जण कटकट नको म्हणून लॉकचा दांडाच कापून टाकतात. त्याला त्यांचा विरोध नव्हता, दांडा पुरता काढला असेल तर. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. डिझेल वाचवायला घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून चावी बंद करतात, त्यावर. "इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा होतो. आणि हात चुकून पुढे गेला, चावी निघाली, की स्टेअरिंग लॉक. वळण समोर आणि चाक वळत नाही. मागे माणसं बसलेली असतात, साहेब." बटणाच्या गाड्यांत चालत्या गाडीत लॉक पडू नये म्हणून मोटरचा करंटच तोडलेला असतो. चावीच्या जुन्या गाड्यांत ती जबाबदारी चालवणाऱ्याच्या बोटांवर असते. जुनी चावीची स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं. चावी झिजली की ती चालत्या गाडीतही कुलपातून निसटून येऊ शकते.

नाशिकला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कॉलम उघडला. लॉकचे बोल्ट मुद्दाम असे असतात की घट्ट केल्यावर त्यांचं डोकं तुटून पडतं, चोराला ते पान्याने खोलता येऊ नयेत म्हणून. ते ड्रिलने काढावे लागले, त्यातच अर्धा दिवस गेला. आत ग्रीस वाळून पिवळं कडक झालं होतं, मोटरभोवती कार्बनची काळी पूड होती आणि एका स्विचचा संपर्क पार काळा पडला होता. दुसऱ्या स्विचवर झिजल्याची खूणही नव्हती.

भंगारातल्या गाडीचं लॉक स्वस्तात मिळत होतं. मी घेतलं नाही. अशी लॉक बहुधा ज्या गाडीची त्याच गाडीच्या कॉम्प्युटरशी बांधलेली असतात, दुसऱ्या गाडीत ती ओळख पटत नाही. शिवाय तेही तितकंच जुनं, म्हणजे त्याचा स्विचही त्याच वाटेवर असणार. दांडा कायमचा काढून त्याजागी खोटा होकार देणारं यंत्र बसवून मिळतं, बरेच मालक तसं करतात. रानात अडकलेल्या माणसाला त्याचा मोह पडतो, हे मी समजू शकतो. पण अशी गाडी चोराला ओढून नेणं सोपं होतं आणि विम्याच्या वेळी उत्तर देणं अवघड होतं. मी नवं लॉक मागवलं, कोडिंग करून बसवलं, बॅटरी बदलली. खर्च भरपूर आला.

आता कुणी जुनी बटणाची गाडी बघायला मला सोबत नेलं तर मी इंजिनच्या आधी हे बघतो. गाडी थंड असताना, मालकाने आधी सुरू करून न ठेवता, बटण दाबायला लावायचं आणि कॉलममधला आवाज ऐकायचा. मग बंद करून, दार उघडून लॉक पडू द्यायचं, आणि पुन्हा. असं सात-आठ वेळा. एकदाही पिवळं चिन्ह रेंगाळलं तर नव्या लॉकची किंमत व्यवहारातून वजा करायची, मालक काहीही म्हणो.

काम झाल्यावर मेस्त्रींना फोन केला. आत काय निघालं ते त्यांनी बारकाईने विचारलं. स्विच किती, मोटर केवढी, दांडा कशाने ओढला जातो. मग म्हणाले, "जुनं लॉक टाकू नका. मला पाठवा. उघडून बघायचंय." एस.टी.च्या पार्सलने जव्हारला पाठवून दिलं, काढलेले तुटके बोल्टही त्यातच घातले.