मासे मोजणारी भाची

माझी भाची टोरंटोत शिकते. यंदा उन्हाळ्यात ती ऑन्टारिओच्या दूर जंगलातल्या संशोधन केंद्रावर मासे मोजायला गेली. आपा घाबरल्या. जवान मुलगी, अस्वलांचं रान, इशाची नमाज पार मध्यरात्रीकडे! मी म्हटलं, जाऊ द्या.

तिथे १९६८पासून ५८ तलाव प्रयोगांसाठी राखलेत. सापळ्यात आलेला मासा मोजायचा, वजन करायचं, परत सोडायचा. (आपल्याकडे मासा म्हटला की मसालाच आठवतो!) काम कंटाळवाणं. पण २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत २६० क्रमांकाच्या तलावात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक अगदी सूक्ष्म प्रमाणात मिसळलं, तेव्हा नरांत मादीची लक्षणं दिसली आणि फॅटहेड मिनो ही मासोळी जवळजवळ संपली. ती खाणारे ट्राउटही घटले. संप्रेरक थांबवल्यावर काही वर्षांनी मासोळी परतली. दरवर्षी कोणी मोजत होतं, म्हणून हे कळलं.

असली औषधं आपल्या शरीरातून गटारात जातात. सातवीच्या वर्गात मी हे सांगितलं, नुसतं 'औषध' म्हणत. एकीने विचारलं, "टीचर, आपल्या गटाराचं पाणी कुठे जातं?" दुसऱ्या दिवशी चौघी ओढ्यापर्यंत माग काढून आल्या.