टिळा जुळेपर्यंत



गळा बसल्यापासून कीर्तन थांबले, त्याला चार वर्षे होत आली. आता सप्ताहात मी मंडपाच्या कडेला खांबाला पाठ लावून बसतो. कान तृप्त असतात, पण हातांना काम नसते. चाळीस वर्षे टाळ धरलेले, अर्थ सांगताना श्रोत्यांपुढे पसरलेले हात मांडीवर नुसते पडून राहिले की परक्याचे वाटतात. मुंबईच्या भाच्याच्या हे लक्षात आले असावे. दोन दिवाळ्यांमागे बेल्ह्याला आला तेव्हा त्याने आपला जुना कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "मामा, घ्या. माझ्याकडे कपाटात पडून आहे."

कॅमेरा कॅननचा, कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री. १९७२ साली निघालेला. दिसायला लहान, पण हातात घेतला की टाळाच्या जोडीसारखा भरीव लागतो. भिंग चाळीस मिलिमीटरचे, कॅमेऱ्याला कायमचे बसवलेले. दोन बोटे रुंदीच्या त्या नळीवर तीन कड्या. एकीने उजेड किती वेळ आत घ्यायचा ते ठरते, दुसरीने भिंगाचे दार किती उघडायचे ते, आणि तिसरीने अंतर. अंतराच्या कडीला बोट टेकवण्यापुरती एक छोटी दांडी आहे. इतक्या आखूड जागेत तीन कड्या असल्यावर माझे जाडे बोट हमखास शेजारच्या घरी जाई.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे घरात सगळ्यांनी विचारले. मोबाइल चांगलाच आहे. पण त्याच्या काचेला माझी कोरडी बोटे कळत नाहीत, आणि मलाही ती काच कळत नाही. कडी फिरवली तर फिरली हे बोटाला समजते.

या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. वर वेगळी खिडकी असते, तिच्यातून पाहायचे. शेजारी आणखी एक बारीक झरोका असतो. त्या दोहोंतून आलेली चित्रे खिडकीच्या मध्यावरच्या पिवळसर ठिपक्यात एकावर एक पडतात. अंतर चुकलेले असेल तर त्या ठिपक्यात माणूस दोनदा दिसतो. दांडी सरकवत गेले की दोन्ही प्रतिमा जवळ येतात, आणि एक झाल्या की अंतर जुळले. कीर्तनकाराला एवढे दिसले की पुरे. मी तिथल्या तिथे अमृतानुभवाचे पहिले प्रकरण काढून बसलो, शिवशक्तीचे. भाचा पाच मिनिटे ऐकून म्हणाला, "मामा, बोट काढा. झरोका झाकलाय." खरेच झाकला होता. म्हणूनच मला मघापासून एकच प्रतिमा दिसत होती.

प्रतिमा आडव्या सरकतात, त्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. तुळशीवृंदावनाची कड, दाराची चौकट, पताकेची काठी. माणसाच्या चेहऱ्यावर उभी रेघ कुठली शोधायची, या विचारात मी होतो, आणि उत्तर रोज सकाळी आरशात दिसत होते. गोपीचंदनाचा टिळा. वारकऱ्याच्या कपाळावर तो दोनाचा एक झाला की डोळेही स्पष्ट येतात.

आळंदीस वारकरी शिक्षण संस्थेत असताना मृदंग शिकणारी मुले जेवणाच्या पंगतीतही मांडीवर बोटे वाजवीत. बोल बोटात उतरला की डोक्याला विचारावा लागत नाही. मी तेच केले. ओट्यावर बसून डोळे मिटायचे, दांडीवर बोट ठेवायचे, आणि वृंदावन किती लांब ते बोटाने सांगायचे. मग डोळे उघडून आकडा पाहायचा. महिनाभर चुकलो. सोमवारी बैलबाजारात जाऊन शिंगांच्या रेघेवर सराव केला, पण बैल मान हलवतो. आळे येथे रेड्याच्या समाधीपाशी खांब बरे सापडले. माऊलींनी ज्याच्या मुखाने वेद वदवले त्याच्या दारात हा म्हातारा एक कडी घोकत बसला होता!

हळूहळू जमले. दार आठच्या आकड्यावर आणि अंतर तीन मीटरवर ठेवले की साधारण दोनापासून पाच मीटरपर्यंतचे सगळे नीट येते, कडीला हात लावावा लागत नाही. मंडपातल्या कमी उजेडात मात्र दार पूर्ण उघडावे लागते, आणि तिथे वीतभर चूकही खपत नाही. कोपरे बरगड्यांना टेकवायची, वीणा उराशी धरावी तसा कॅमेरा धरायचा, श्वास सोडून बटण दाबायचे. आवाज इतका बारीक की शेजारच्या टाळकऱ्यालाही कळत नाही.

त्या वर्षी चैत्रात सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी आमचे विणेकरी तात्या वीणा घेऊन उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. माझ्या पहिल्या कीर्तनालाही वीणा त्यांच्याच गळ्यात होती. मी खांबाजवळून त्यांचा टिळा जुळवला आणि नऊ फोटो काढले. एवढे नीट मी आजवर काहीच जुळवले नव्हते.

ज्येष्ठात, वारी निघण्याआधी, तात्या गेले. भिंतीवर लावायला घरात फोटो नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा होता. मुलगा माझ्याकडे आला. "बुवा, तुम्ही काढले होते ना?" मी रोल पुण्याला धुवायला पाठवला. आला तेव्हा बाजाराचे बैल होते, आळ्याचे खांब होते, आणि शेवटच्या नऊ चौकटी कोऱ्या होत्या. नुसती नारिंगी पट्टी. काल्याला बुक्का उधळतात, तो भिंगावर बसू नये म्हणून मी झाकण लावले होते. ते काढलेच नव्हते. पाहण्याची खिडकी वेगळी असल्याने मला शेवटपर्यंत तात्या लख्ख दिसत राहिले. भाचा म्हणाला, बॅटरी असती आणि कॅमेरा आपोआपवर असता तर उजेड नाही म्हणून बटण दाबलेच गेले नसते. पण त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. मी सगळे हातानेच करीत होतो.

मुलाला सांगणे जड गेले. तो काही बोलला नाही. चहा घेऊन गेला.

त्या रात्री एक जुने कीर्तन आठवले. बांधावरून भावाशी माझे बोलणे बंद होते. तीन वर्षे. त्याच काळात एका गावी मी भरतभेटीचा प्रसंग लावला होता. राम आणि भरत माझ्या डोळ्यांपुढे उभे होते, श्रोते डोळे पुसत होते. कीर्तन संपवून घरी येताना भावाच्या दारावरून गेलो आणि मान वळवली नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. भाऊ आता नाही.

कॅमेरा दोन महिने ट्रंकेत होता. मग एके दिवशी तात्यांचा मुलगाच विचारायला आला, "यंदा आणणार ना?"

यंदाच्या चैत्रात वीणा त्याच्या गळ्यात होती. नवखा आहे. तारेवर बोट ठेवताना अजून खाली पाहतो. काल्याच्या दिवशी मी त्याच खांबाला टेकून बसलो. दार पूर्ण उघडले, दांडीवर बोट ठेवले. कपाळावर दोन टिळे दिसत होते. ते जवळ आले, एक झाले. मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि भिंग पाहिले. उघडे होते. तरी बंडीच्या खिशात हात घालून झाकण चाचपले, आणि मग बटण दाबले.