करी रोडच्या पुलावर आमची पद्मिनी

करी रोड स्टेशनाजवळच्या आमच्या चाळीत मोटार यायची ती लग्नाची, भाड्याची. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर ते दुसऱ्याची काळी-पिवळी रात्रपाळीला चालवू लागले. १९९५ साली आम्ही जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, कुर्ल्याच्या कारखान्यातली, इंजिन १०८९ सीसी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर तिघे बसत. मागे चौघे, शिवाय मांडीवर पोरे!

गाडी तशी खोडकर. उन्हाळ्यात लालबागच्या गर्दीत तापली, की बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवावे लागे. पुलाच्या चढावर बंद पडली, तर गल्लीतली पोरे धक्का मारीत. जाहिरातीत हे कोण सांगणार?

पावसाळ्यातल्या एका रात्री आईला दम्याने घेरले. टॅक्सी मिळेना. वडिलांनी किल्ली फिरवली आणि आमची लहरी गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. के.ई.एम. जवळच, म्हणून आई वाचली. इतकी वर्षे परक्यांना पोचवले, आज घरचे माणूस पोचवले, असे वडील नंतर कितीदा तरी बोलून दाखवीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आमची त्याआधीच विकली होती. आता मुलाच्या गाडीला एसी आहे, आवाज नाही. पण पुढे तिघे बसता येत नाहीत.