बिनतारी पाणपोई

फुकट या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. फुकट ते पौष्टिक असे आपण हसत म्हणतो खरे, पण फुकट देणाऱ्याकडे मात्र संशयानेच पाहतो. याला एक सन्मान्य अपवाद म्हणजे पाणपोई. खानदेशात चैत्र लागला की रस्त्याच्या कडेला रांजण मांडले जातात, त्यांना ओले फडके गुंडाळले जाते, आणि तहानलेल्याला कोणी त्याचे नावगाव विचारीत नाही. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत आम्ही काही मंडळी गेली कित्येक वर्षे जो उद्योग चालवीत आहोत, त्याला मी पाणपोईच म्हणतो. फरक इतकाच, की आमच्या रांजणात पाण्याऐवजी इंटरनेट आहे, आणि नावगाव विचारल्यावाचून ते कोणाला पाजण्याची सोय सरकारने ठेवलेली नाही.

हा रांजण आहे आप्पांच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे राहण्याचे नव्हे. चार बाकडी, एक भट्टी, चहा, भजी आणि अहिराणीतल्या गप्पा. एके काळी याच हॉटेलात रेडिओ होता आणि गाणी ऐकायला अर्धी गल्ली तेथे जमत असे. त्या रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. बिनतारी लहरींवर सरकारचा हक्क आणि प्रजेने त्याची फी भरायची, हा नियम मी टेलिफोन खात्यातल्या नोकरीत इतकी वर्षे पाहिला होता, की २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, तेव्हा मला ती बातमी खरीच वाटेना. आज घरोघरी जे वायफाय चालते, त्याच्या मुळाशी ही परवानगी आहे.

आम्ही सुरुवात केली २०१४ मध्ये. त्या वेळी मोबाईलवर महिन्याला एक जीबी घ्यायचे, तर अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. स्पर्धा परीक्षांचे अर्ज ऑनलाईन झाले होते आणि गल्लीतली पोरे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजीत होती. आम्ही पाच जणांनी महिन्याची वर्गणी काढली, विजेचे बिल आप्पांनी आपल्या अंगावर घेतले, आणि गल्ल्यामागच्या फळीवर पेटी बसली.

पेटी बसवणे सोपे असते; तिची निगा राखणे म्हणजे संसार आहे. या घरगुती पेट्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, की चाळीस अंशांपर्यंतच्या तपमानात वापरावी. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर पारा असतो आणि आप्पांच्या डोक्यावर पत्रे आहेत. दुपारी दोन वाजले की पेटी मूर्च्छित पडे. त्यातच भज्यांचा तेलकट धूर तिच्या झरोक्यांत जाऊन बसे, तो दर महिन्याला ब्रशने काढावा लागे. आणखी एक दुखणे ओळखायला आम्हांला बराच काळ लागला. संध्याकाळी गर्दीच्या वेळी नव्या माणसाला जोडच मिळेना. विज्ञानाच्या मास्तरांनी छडा लावला. ही पेटी येणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक देते आणि तो दिवसभर त्याच्याच नावे राखून ठेवते. गिऱ्हाईक चहा पिऊन शिरपूरला गेले, तरी त्याची खुर्ची येथे अडलेलीच! ती मुदत दिवसावरून तासावर आणली, आणि रोग गेला. आप्पांचे औषध याहून साधे होते. “बंद करा, दहा मोजा, चालू करा.” दहापैकी आठ वेळा तेच लागू पडे, हे मला खात्याचा अभिमान बाजूला ठेवून सांगितले पाहिजे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि दोनएक वर्षांत आमच्या रांजणाशेजारून जणू नदीच वाहू लागली. स्वस्त डेटा हातोहाती झाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवरही फुकट वायफाय सुरू झाले होते. आमच्या पाचांतले तिघे हळूहळू गळले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याच्या घरी नळ आला तो पाणपोईवर कशाला येईल? आता हे बंद करावे, असे मास्तर आणि मी दोघेही बोलत होतो.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद झाल्या, हॉटेलही बंद झाले, आणि शाळा मोबाईलवर भरू लागली. घरात मोबाईल एकच, आणि तो बापाच्या खिशात, मुले तीन. डेटा दुपारपर्यंत संपे. लोक माझ्या दाराशी येऊन विचारू लागले, “काका, हॉटेलचं नेट बंद शे का?” नेट चालू होते, पण आप्पांनी लोखंडी शटर ओढले होते आणि लोखंडाच्या आड या लहरी जात नाहीत. पेटी आत जिवंत होती, आणि गल्लीला मेलेली. शेवटी आप्पांनी स्वतःच ती उचलून माडीच्या लाकडी गॅलरीत नेली. जुन्या धुळ्याच्या गल्ल्या नीट आखलेल्या, सरळ. अशा गल्लीत लहर लांबवर जाते. समोरच्या वाड्याच्या चौकापर्यंत नेट पोहोचले.

त्या चौकात पहिल्या आठवड्यात जे दिसले, ते पाहून मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. ओट्यांवर अंतर राखून बसलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. सहा वर्षे आम्ही सर्वांसाठी म्हणून जे चालवीत होतो, त्याच्या आसपास त्यांतली एकही कधी फिरकली नव्हती; कारण आमच्या गल्लीत मुलीने हॉटेलात बसण्याची रीत नाही. पाटी “सर्वांसाठी” अशीच होती. बाकडी मात्र पुरुषांची.

हॉटेल पुन्हा उघडले, तेव्हा खरा तंटा झाला. नेहमीची गिऱ्हाइके म्हणू लागली, पेटी खाली आणा, येथे नेट मंद चालते. हॉटेलचे नेट हॉटेलात हवे. वीज आप्पांची आणि गल्ला गिऱ्हाइकांवर, तेव्हा त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पेटी खाली आली असती, तर चौकातल्या मुली पुन्हा बापाच्या खिशाकडे पाहत बसल्या असत्या. आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “काका, दुसरी पेटी घ्या. अर्धे पैसे माझे.” मी पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने जळगाव गाठले आणि गोलाणी मार्केटातून पेटी आणली. दोघींना वेगवेगळे चॅनेल दिले, एक आणि सहा, म्हणजे एकमेकींच्या बोलण्यात बोलू नयेत.

प्रश्न उरला वहीचा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीची मेल गेली, ती नवी मुंबईतल्या एका परक्या गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वापरणाराची ओळख ठेवण्याची सक्ती केली. भीती रास्त आहे. जर्मनीत फ्रायफुंक नावाची स्वयंसेवकांची चळवळ असेच फुकट जाळे विणते. तेथेही दुसऱ्याने केलेल्या गैरवापराचा बोजा वायफाय उघडे ठेवणाऱ्यावर पडे, तो कायदा २०१७ मध्ये सैल झाला. आपल्याकडे डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेने चहावाल्यालाही परवान्यावाचून वायफाय देण्याची वाट मोकळी केली. ओळख तपासण्याचे काम त्यात वरची कंपनी करते. आम्ही आता त्याच वाटेने गेलो आहोत. पण मधल्या काळात वही होती, आणि उधारीच्या वहीशेजारी आपला मोबाईल नंबर लिहून ठेवायला एकही मुलगी राजी नव्हती. माझ्या मते त्या पूर्ण बरोबर होत्या. वाड्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी मग वेगळी वही आपल्या कपाटात ठेवली, कुलपासकट.

गुडघ्यांमुळे मला आता शिडी चढवत नाही. महिन्याची झाडलोट त्या चौकातलीच एक मुलगी करते. ती सध्या तंत्रनिकेतनात शिकते. मागच्या मे महिन्यात तिने गॅलरीतल्या पेटीवर तट्ट्याची सावली बांधली आणि खाली उतरून आप्पांकडे चहा मागितला. आप्पांनी तो ओट्यावर पाठवू का म्हणून विचारले. “नको,” ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली. दोन म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. तिसरा वर्तमानपत्र वाचत राहिला.