नव्याच्या सणाचा फोन

२०२० च्या नव्याच्या सणाला (रोश हशाना) आम्ही दोघं दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये मुलाकडे होतो. १६ ऑगस्टला अमिरातीतून इस्राएलला थेट फोन सुरू झाले होते. त्याआधी ९७२ लावलं तरी कॉल जात नसे. डिमोनाची आमची ताई अंथरुणाला खिळलेली. सूर्य मावळला की सण आणि शब्बाथ दोन्ही लागणार, म्हणून १८ सप्टेंबरला दुपारीच मुलाच्या ऑफिसातून फोन लावला.

नऊ दाबला. टोनच नाही. मुलगा म्हणाला, "परत बंद केलं असेल."

शुक्रवार, तेव्हाची इथली सुट्टी, मेकॅनिक मिळेना. वॉर्डात मॉनिटरची रेघ सपाट दिसली तर आम्ही आधी पेशंटची नाडी बघायचो, मग वायर. तसंच केलं. मुंबई लावून पाहिली, तीही लागेना. म्हणजे दोष इस्राएलच्या वाटेत नव्हता. शेजारच्या एक्स्टेंशनची घंटा वाजली, म्हणजे आतलं सगळं ठीक. बाहेरच्या लाइनची वायर ईपीएबीएक्समधून काढून साध्या फोनला लावली, टोन आला. लाइनही जिवंत. उरलं फक्त वायर बसते ते पोर्ट. वायर शेजारच्या रिकाम्या पोर्टात बसवली आणि नऊ दाबला. टोन आला!

इतकी वर्षं यंत्रं धड होती, वाटच बंद होती. त्या दिवशी वाट उघडी होती. लगेच हार मानली असती तर सण तसाच गेला असता.

ताईने आवाज ओळखला. पुढच्या सणाला ती नव्हती.