कापसाच्या पेठांचा जिल्हा : वर्धा

वर्ध्याला जाणारा प्रवासी बहुधा सेवाग्रामला उतरतो, बापूकुटीपुढे नतमस्तक होतो, जमल्यास पवनारला जाऊन येतो आणि सायंकाळच्या गाडीने परततो. त्याच्या लेखी या जिल्ह्याचा इतिहास 1936 साली, गांधीजी शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास आले तेव्हा सुरू होतो. व्यापारी कुटुंबांना मात्र हा जिल्हा त्याही आधीपासून ठाऊक असावयास हवा. कारण त्याची घडण कापसाने आणि कापसाच्या पेढ्यांनी केली आहे.

1862 साली नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा निर्माण करण्यात आला. पहिले ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. 1866 साली पालकवाडी या लहानशा खेड्याची जागा पसंत करून तेथे नवे शहर आखण्यात आले. त्याला नदीचे नाव मिळाले खरे, परंतु वर्धा नदी शहराजवळून वाहत नाही. ती दूर पश्चिमेस, जिल्ह्याच्या सीमेवरून जाते.

तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. 1861 ते 1865 या वर्षांत तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. वणा नदीकाठच्या हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बाजारात आपल्या गावाच्या नावानेच ओळखला जाई. 1867 साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे वरोऱ्याच्या कोळसा खाणींकडे जाणारा फाटा हिंगणघाटवरून निघाला. पूर्वी बैलगाड्यांवरून जाणारा माल आता दाबाच्या गाठी होऊन वाघिणींत चढू लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या. 1917 साली पुलगाव ते आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची छोटी रेल्वे झाली, तीही प्रामुख्याने कापसासाठीच.

या पेठांमागोमाग मारवाड व गुजरातेतून व्यापारी कुटुंबे आली. त्यांत जैन घराणीही होती. सैतवाळांसारखा मराठीभाषक जैन समाज विदर्भात आधीपासूनच होता. पेरणीच्या तोंडावर कास्तकाराने पेढीवरून रक्कम उचलावी आणि वेचणीनंतर कापूस आणून घालावा, असा व्यवहार रूढ झाला. पाऊस वेळेवर आला तर दोघांचेही भागे. तो चुकला की मुद्दल तसेच राहून व्याज चढे आणि काही वर्षांत शेत सावकाराच्या नावावर जाई. पेढ्यांच्या वैभवाचे वर्णन करताना ही बाजू वगळली जाते. ते योग्य नव्हे. कारण वैभव आणि कर्ज या एकाच खातेवहीच्या दोन बाजू होत्या.

याच वातावरणात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात 1889 साली जन्मलेला एक बालक वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी नातू म्हणून दत्तक घेतला. तोच पुढे जमनालाल बजाज म्हणून देशाला परिचित झाला. कापसाच्या व्यापारातच वाढलेल्या या गृहस्थाने संपत्तीचा मालक न राहता विश्वस्त होण्याचे ठरविले. बच्छराजांनी बांधलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी जुलै 1928 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. देणगी देणे त्या मानाने सोपे असते. आपल्याच घराण्याच्या देवळाबाबत आपल्याच लोकांचा रोष पत्करणे कठीण. मगनवाडीची बागही त्यांनीच ग्रामोद्योगांसाठी दिली. तेथे कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग केले आणि 1938 साली मगन संग्रहालय उघडले. शेगावची पत्रे वारंवार संतनगरी शेगावला जात, म्हणून त्या खेड्याचे नाव 1940 साली सेवाग्राम झाले, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते.

जैन वाचकाला वर्ध्याशी जोडणारे धागे आणखीही आहेत. भारत जैन महामंडळाचे काही साहित्य वर्ध्याहून प्रसिद्ध होत असे. पंथभेद बाजूस ठेवून सर्व जैनांना एकत्र आणू पाहणारी ही संस्था गांधीविचारांच्या गावी रमली, हे स्वाभाविकच. पुढे विनोबांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी ‘समणसुत्तं’ हा 756 गाथांचा ग्रंथ संकलित केला आणि महावीर निर्वाणाच्या 2500 व्या वर्षी, 1974 साली, सर्व संप्रदायांनी तो मान्य केला. पवनारला धाम नदीच्या तीरावर विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये अन्न, पाणी व औषध सोडून शांतपणे देह ठेवला. तो दिवस 15 तारखेचा, दीपावलीचा, म्हणजेच निर्वाणदिनाचा होता.

समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी व्यापाऱ्यांनी अवश्य पाहावी. तेथील शेख फरीदबाबांच्या दर्ग्याभोवती गोलसर दगड विखुरलेले आढळतात. दंतकथा अशी की, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागताच बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. तेव्हा दोघे धंदा सोडून तेथेच सेवेस राहिले. परतताना वर्ध्याचा गोरसपाक सोबत घ्यावा. आर्वी-आष्टी-कारंजा भागातील गवळाऊ गाईही या जिल्ह्याचेच भूषण आहेत.

पुलगावची गिरणी आता बंद आहे आणि आर्वीची छोटी गाडीही धावत नाही. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कापसाने ज्याला मोठे केले, त्याच जिल्ह्याचा कापूस पिकविणारा कास्तकार कर्जाने असा खचला. काही गावे अन्य पिकांकडे वळली. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही जिल्ह्याचे मुख्य पीक आजही पऱ्हाटीच आहे. पर्युषण येते तेव्हा ती फुलापात्यांवर असते. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात सीतादही करतात, आणि हिवाळ्यात हिंगणघाटच्या बाजार समितीबाहेर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. हर्रास सुरू होतो, व्यापारी मूठभर कापूस हाती घेऊन धाग्याची लांबी आणि ओल पाहतो, आणि गाडीवर बसलेला कास्तकार भाव ऐकण्यासाठी खाली उतरतो.